मांजर बिघडत नाही, काहीतरी बिघडलेले असते

आमच्या घरातल्या बंड्याला रविवारी सकाळी पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून यायचे, असे शनिवारी संध्याकाळी ठरले होते. पोतेही धुऊन दोरीवर वाळत घातले होते. बंड्या म्हणजे आमचा बोका, वय अडीच वर्षे. त्याचा गुन्हा असा, की पंधरा दिवस तो वाळूचे घमेले सोडून आजींच्या गोधडीवर लघवी करीत होता. एका खोलीचे घर, त्यात सहा माणसे. गोधडी रोज धुवायची तरी किती आणि वाळवायची कुठे? शेजारच्या काकूंनीही वासाबद्दल दोनदा टोकले होते. घरात दोन तट पडले. मुले आणि आजी एकीकडे, बाकीचे सगळे दुसरीकडे. आम्ही बाकीच्यांत होतो, हे आधीच कबूल करतो.

त्या रात्री अकराच्या सुमारास आजींनी हाक मारली. "अगं, उठा गं. हे लेकरू मघापासून घमेल्यात जाऊन बसतंय, कण्हतंय आणि तसंच उठतंय. थेंबसुद्धा पडत नाही." आम्ही म्हणालो, पोट साफ होत नसेल, सकाळी बघू. पण आजी हटून बसल्या. त्यांनी पोटाला हात लावला तर ओटीपोट दगडासारखे घट्ट लागत होते. शेवटी रिक्षा करून जनावरांच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेली लघवी काढली आणि तीन दिवस ठेवून घेतले. ते एवढेच म्हणाले, "उद्यावर टाकलं असतं तर कदाचित आणायची गरजच पडली नसती."

पोते दोरीवरच राहिले. पण त्या रात्रीपासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. आज घरोघरी मांजर आहे आणि "शिकवलेले मांजर अचानक घाण का करू लागले?" हा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. म्हणून हा लेखप्रपंच.

मातीची ओढ

मांजराला घमेल्यात जायला फारसे शिकवावे लागत नाही. आपले पाळीव मांजर मूळचे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराचे वंशज आहे. भुसभुशीत माती उकरायची, विधी उरकायचा आणि वर माती लोटायची, ही त्याची उपजत खोड. चाळीत ट्रे लागत नसे, कारण चाळीमागे माती होती. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. माणसांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण विसाव्या मजल्यावर मांजराला माती कुठून मिळणार? तिथे ट्रे हेच त्याचे अंगण.

ही ट्रेची चालही तशी अलीकडची. पूर्वी परदेशातही लोक पेटीत राख किंवा वाळूच घालीत. 1947 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या व्यापाऱ्याने शेजारणीला राखेऐवजी ओल शोषणाऱ्या मातीचे दाणे दिले. ही माती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. तिथून मांजराच्या वाळूचा मोठा धंदा उभा राहिला. आज दुकानात मिळणाऱ्या पिशवीत बहुधा बेंटोनाइट माती असते. ती आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानातही निघते. ती परवडत नसेल तर कोरडी चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसाही चालतो. मांजराला किंमत कळत नाही, पायाखालचा मऊपणा कळतो.

आधी दुखणे पाहा

मांजराने सवय सोडली की पहिला प्रश्न "कुठे केले?" हा नव्हे. "काही दुखते आहे का?" हा विचारावा. मूत्राशयाला सूज आली, लघवीत खडे झाले की लघवी करताना आग होते. आग घमेल्यात बसल्यावर होते, म्हणून मांजर घमेल्यालाच घाबरते आणि मऊ, थंड जागा शोधते. कधी गोधडी, कधी गादी, कधी मोरीची फरशी. आपल्याला तो खोडसाळपणा वाटतो. ते बिचारे दुखणे चुकवीत असते.

बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. सूज, खडे किंवा चिकट साका यांनी ती पूर्ण बंद होऊ शकते. मग लघवीवाटे जाणारी विषारी द्रव्ये रक्तात साठतात, पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. एकदोन दिवसांत जीव जातो. म्हणून ही लक्षणे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा: वारंवार घमेल्यात जाऊन बसणे, थेंब थेंब होणे किंवा काहीच न होणे, कण्हणे, लघवीची जागा सतत चाटणे, लघवीत रक्त, उलट्या, खाणे सोडणे. यापैकी लघवी अडल्याचे दिसले तर रात्र आहे की सुट्टी आहे हे पाहू नये. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नये. आम्ही त्याच वाटेने निघालो होतो.

म्हातारे मांजर असेल तर आणखी कारणे संभवतात. मूत्रपिंडे थकली किंवा मधुमेह झाला तर ते पाणी फार पिते आणि घमेल्यापर्यंत पोचण्याआधीच होते. सांधे धरले असतील तर उंच काठ ओलांडता येत नाही. अशा वेळी एका बाजूने काठ कापलेला जुना टब ठेवला तरी काम भागते.

एक सूचना मात्र काळजावर कोरून ठेवा. मांजर कण्हते म्हणून घरातली तापाची, अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचे यकृत ते औषध पचवते, मांजराला ते जमत नाही.

मग घमेले पाहा

डॉक्टरांनी दुखणे नाही असे सांगितले, तर मग घमेल्याकडे वळावे. घरच्या संडासात पाणी न टाकता कोणी गेले तर आपण नाक दाबतो. मांजराचे नाक तर आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. घाण दिवसातून निदान एकदा, जमल्यास दोनदा काढावी. वाळू दोन इंच तरी खोल असावी. घमेले मांजराला आत वळता येईल एवढे मोठे हवे. पिल्लू असताना घेतलेल्या छोट्या ट्रेमध्ये वाढलेला बोका अर्धा बाहेर बसतो आणि लघवी फरशीवर जाते. मग म्हणतो, बोका बिघडला!

पावसाळ्यात वाळू दमट राहते, वाळत नाही, मुंग्या लागतात. ओल्या वाळूत पाय ठेवायला मांजर नाखूश असते. कोरड्या वाळूचा डबा भरून माळ्यावर ठेवलेला बरा. वाळू बदलून भुसा किंवा दुकानातली माती आणायची असेल तर एकदम बदलू नका. आठदहा दिवस जुन्यात थोडी थोडी नवी मिसळा.

जागाही महत्त्वाची. जेवणाच्या ताटलीशेजारी घमेले ठेवले तर मांजर दोन्हींपैकी एक सोडते. कपडे धुण्याचे यंत्र धडधडते तिथे, येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा मुले मागून "भ्वा" करतात अशा कोपऱ्यात ते बसत नाही. जिथून येणारा-जाणारा दिसेल पण कोणी अंगावर येणार नाही, अशी जागा त्याला आवडते. दोन मांजरे असतील तर जाणकार तीन ट्रे ठेवायला सांगतात. आपल्या घरात तीन कुठे मावणार? निदान दोन तरी ठेवा आणि तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एक मांजर दुसऱ्याची वाट अडवून बसते, हे आपल्याला दिसतही नाही.

फिनेलचे विष

बंड्या रुग्णालयातून आला तरी घमेल्यात जाईना. दुखणे तर गेले होते! मग डॉक्टरांनी विचारले, "घमेलं कशानं धुता?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "फिनेलनं, रोज!" त्यांनी कपाळाला हात लावला.

फिनेलचा उग्र वास मांजराला सहन होत नाही, ही एक गोष्ट. त्याहून गंभीर म्हणजे त्यातली द्रव्ये मांजराला विषासारखी आहेत. पंजाला लागतात आणि मांजर पंजे चाटते. मांजर येऊ नये म्हणून कोपऱ्यात टाकतात त्या डांबराच्या गोळ्याही विषारीच. घमेले साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवावे, खळखळून, आणि उन्हात वाळवावे.

बाहेर जिथे लघवी झाली असेल तिथला वास पूर्ण घालवणे गरजेचे. वास राहिला की मांजर ती जागा पुन्हा वापरते. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने दोनतीनदा धुवून स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. अमोनियाचे द्रावण वापरू नये. त्याचा वास लघवीसारखाच असतो.

घर बदलले, मन बदलले

आमच्या बंड्याचे तिसरे कारण आम्हालाच ठाऊक असायला हवे होते. चाळ पाडायला घेतली म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत आलो होतो. आम्हालाही महिनाभर झोप लागत नव्हती. मांजराला तर माणसांइतकीच, किंबहुना अधिक, जागेची ओळख असते. घर बदलणे, नवे बाळ, नवी सून, पाहुण्यांची गर्दी, फटाके, खिडकीबाहेर फिरणारा परका बोका, या साऱ्याचा त्याला ताण येतो. आणि ताणानेही मूत्राशयाला सूज येते, हे डॉक्टर सांगतात. म्हणजे मन आणि दुखणे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असते. नव्या घरात सुरुवातीचे काही दिवस त्याला एकाच कोपऱ्यात जुने फडके, पाणी आणि घमेले देऊन स्थिरावू द्यावे. पाणी दोनतीन ठिकाणी ठेवावे. खारवलेली सुकी मासळी हे त्याचे रोजचे अन्न नव्हे.

भिंतीवर, दारावर उभ्याने शेपटी वर करून उडवलेली लघवी मात्र वेगळी. ती हद्दीची खूण. वयात आलेले बोके ती करतात. नसबंदी केली की दहापैकी सुमारे नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते.

मारू नका, टाकू नका

मांजराचे नाक घाणीत घासणे, झाडूने मारणे, हा जुना उपाय निरुपयोगी आहे. त्यातून मांजर एवढेच शिकते, की या माणसासमोर करायचे नाही. मग ते पलंगाखाली करते. घरात गर्भवती भगिनी असेल तर घमेले तिने साफ करू नये, दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज करावे. मांजराच्या विष्ठेतले टोक्सोप्लाझ्माचे जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. रोज सफाई आणि साबणाने हात धुणे एवढी काळजी घेतली तर मांजर घराबाहेर काढायचे कारण नाही.

बंड्यासाठी आम्ही नवे रुंद टब आणले, मोरीपासून दूर कपाटाच्या आडोशाला ठेवले, फिनेल बंद केले. पहिले चार दिवस गोधडी माळ्यावर गेली. पाचव्या दिवशी पहाटे वाळू उकरल्याचा खरखर आवाज आला. आजी अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "गेला गं बाई!" सगळे घर जागे झाले आणि हसू लागले.

ते पोते आता कांदे ठेवायला वापरतो. कांदे काढताना आम्हाला दर वेळी तो शनिवार आठवतो. मुक्या जिवाला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून त्याने गोधडीवर सांगितले. ऐकायला मात्र आम्हाला पंधरा दिवस लागले.