शिक्षकानं आधी शिकायची भाषा

अमेरिकन मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७च्या अखेरीस मुंबईत उतरल्या तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. मराठी शिकायची तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, म्हणजे तोही अजून हाताशी नव्हता. १८३९मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी त्या नगरला आल्या आणि १८६२मध्ये इथंच वारल्या. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. शिकवायचं तर आधी मुलींची भाषा आपल्याला यायला हवी, हे या परदेशी बाईंनी जाणलं आणि मराठी आपलीशी केली.

बाईंना प्रौढ वयात कष्टानं मिळवावी लागलेली भाषा वर्गातल्या मुलींना उपजत असावी तशी येत होती. ती येते कशी? १९५७मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनरनं उत्तर दिलं : अनुकरण आणि शाबासकी यांतून लागलेली सवय. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं १९५९मध्ये ते खोडून काढलं. नुसत्या अनुकरणानं भाषा येत नाही, याचा पुरावा आपल्या ओसरीवरही सापडतो. घरात सगळे ‘केलं’ म्हणत असताना तीन वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून नियम त्यानं स्वतःच काढलेला असतो. ही चूक म्हणजे त्याच्या बुद्धीची कमाई आहे.

हे सामर्थ्य वयात येईपर्यंत विशेष असतं, असं लेनेबर्गनं १९६७मध्ये मांडलं. दुसऱ्या भाषेबद्दल क्राशेन सांगतो की, समजेल असं आणि आपल्या पातळीच्या जरासं पुढचं कानावर पडलं की भाषा येते. मनात धास्ती असली की भाषा आत शिरत नाही. जिम कमिन्सच्या मते पहिल्या भाषेत विचार पक्का झाला की तो दुसरीतही कामी येतो.

आता नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं पहिलीचं मूल बघा. ‘मपला भाऊ, मपली आई, मपलं घर’ म्हणताना ते लिंग चोख जुळवतं. ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं चारचौघांत टोकलं की तेच मूल गप्प बसतं. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचा तर हंगाम कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत जातो. शाळा सुटते आणि ओळखीचे गुरुजीही. आणि आम्ही निदान करतो : ‘या मुलांना भाषाच येत नाही.’

शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावं, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. लेकरांना इंग्रजी यावी, ही सेमी इंग्रजीमागची पालकांची ओढ रास्तच आहे. पण ती इंग्रजीही घरच्या बोलीच्या पायावरच उभी राहील. म्हणून डोंगरातल्या शाळेवर नेमणूक झालेल्या गुरुजींना पहिल्या महिन्यात गावची बोली शिकवा. मूल सांगेल ती गोष्ट त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहू द्या आणि शेजारी पुस्तकी मराठी मांडू द्या. दोन्ही वाक्यं वाचता येणारं मूल तिसऱ्या भाषेला भीत नाही.