चू शी, वांग यांगमिंग आणि तो बांबू

नव-कन्फ्यूशियन विचार वाचायला घेतला की पहिली गाठ पडते चू शीशी (११३०–१२००). प्रत्येक वस्तूमागचं सूत्र म्हणजे ‘ली’, ती ज्यातून घडते ते द्रव्य म्हणजे ‘छी’, ही मांडणी त्याने पक्की बांधली. अखेरच्या वर्षांत सरकारने त्याची शिकवण खोटी ठरवली होती. पुढे १३१३ साली त्याच्याच टीका राजपरीक्षेचा पाया ठरल्या!

पण खरी मजा वादात आहे. ११७५ साली हंस-सरोवराच्या मठात चू शी आणि लू जिऊयुआन समोरासमोर आले. चू शीचा भर ग्रंथ आणि अभ्यासावर. लूचं म्हणणं, सूत्र मनातच आहे, आधी ते ओळखा. तोडगा निघाला नाही.

तीनेक शतकांनी तरुण वांग यांगमिंग (१४७२–१५२९) चू शीच्या शिकवणीप्रमाणे सूत्र शोधायला बांबूसमोर बसला. सातव्या दिवशी आजारी पडला. (चू शीने नुसतं टक लावून बसायला सांगितलंच नव्हतं, हे माझं मत.) पुढे दरबारातल्या लिऊ जिन या खोजाला दुखावल्यामुळे त्याला फटके बसले आणि ग्वेइजौच्या डोंगराळ मुलखात रवानगी झाली. तिथे १५०८ साली त्याला उमगलं की सूत्र बाहेर शोधायचं नाही. जाणणं आणि करणं एकच, हा त्याचा गाजलेला सिद्धांतही त्याच सुमाराचा.

नवख्यांनी चू शी आणि ल्यू जूछ्येन यांनी संकलित केलेल्या ‘जिन्सलू’पासून सुरुवात करावी. इंग्रजी अनुवाद आहे. चू शीच्या आधीचे विचारवंत चौ दुन्यी, जांग झाय आणि छंग बंधू, चौघेही त्यात भेटतात.