परदेशात टॅक्सीऐवजी सिटी बस धरा!

परदेशवारीत विमान तिकिटाची घासाघीस सगळेच करतात. पैसा गळतो तो तिथल्या रोजच्या टॅक्सीत. लंडनमध्ये २०१८ पासून पहिल्या बसचं भाडं दिलं की तासाभरात कितीही बस बदला, दुसरं भाडं लागत नाही. लक्झेंबर्गने तर मार्च २०२० पासून देशभरातली बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट केला, पाहुण्यांसाठीसुद्धा. टॅक्सीला मात्र दर फेरीचे पैसे नव्याने मोजावे लागतात.

आपल्याकडे मोहगाव-सौंसरच्या माणसाला बस नवी नाही. मध्य प्रदेशचं परिवहन महामंडळ बंद पडल्यापासून आपण खासगी गाड्यांवरच आहोत, कंडक्टरला रोख देऊन. हीच सवय तिकडे अडते: लंडनच्या बस २०१४ पासून रोख घेत नाहीत. म्हणून निघण्याआधी बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, माणशी एक कार्ड ठेवा. बँक परकीय चलनाचा आकार लावते, तोही विचारून घ्या.

भाषेची अडचण? नकाशाचं ॲप बसचा क्रमांक आणि थांबा दोन्ही सांगतं. वेळ जास्त लागतो, हे खरं. जड सामान असेल, अपरात्री उतरायचं असेल किंवा चौघांत भाडं वाटलं जात असेल, तर टॅक्सीच शहाणपणाची. पण दिवसभराच्या भटकंतीत बसच परवडते.