वैद्यकीय संशोधनाची पात्रता : प्रारंभ गावातूनच

वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच विद्यार्थ्यांमध्ये संशोधनाची दृष्टी रुजावी, या उद्देशाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये अल्पमुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. या योजनेत एम.बी.बी.एस. किंवा बी.डी.एस.चा विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने संशोधन करतो. अहवाल मान्य झाल्यावर त्याला ५० हजार रुपये विद्यावेतन मिळते. आंतरवासिता करणारे व पदव्युत्तर विद्यार्थी यास पात्र नाहीत.

दोन टप्प्यांची पात्रता

या योजनेच्या निवडीत प्रस्तावाचा दर्जा पाहिला जातो. परंतु प्रस्ताव मांडण्यासाठी आधी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा लागतो. दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांची खरी कसोटी याच टप्प्यावर लागते. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावांना जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये उपलब्ध झाले. अंतर कमी झाले, तरी राखीव जागेवरील प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील गुणांबरोबरच जातीचे प्रमाणपत्र व त्याची वैधता सिद्ध करावी लागते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही आवश्यक असते. वैधता वेळेत न मिळाल्यास पुरेसे गुण असूनही राखीव जागा हातची जाते.

जुन्या नोंदींचे महत्त्व

पडताळणीत विशिष्ट दिनांकापूर्वीच्या पुराव्यास मोठे महत्त्व असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानले जातात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथील अनेक जुन्या नोंदी उर्दूत आहेत. आजोबा-पणजोबांचे नाव शाळेच्या प्रवेश नोंदवहीत वा महसूल दप्तरात शोधणे, ते वाचून घेणे व प्रमाणित प्रत मिळवणे यास महिने लागू शकतात. ज्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे असा पुरावा आणखी दुर्मीळ असतो.

गावाची जबाबदारी

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांना महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. तेव्हा प्रवेशाचा हंगाम येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांनी जुन्या नोंदवह्या सुरक्षित ठेवून उतारे तत्परतेने द्यावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या घरी जाऊन कोणता कागद कमी आहे, हे पाहावे. महाविद्यालयांनी प्रथम वर्षापासूनच संशोधन योजनेची माहिती द्यावी.

सर्पदंश, उष्माघात, स्त्रियांमधील रक्तक्षय हे ग्रामीण भागाचे नित्याचे प्रश्न आहेत. ते जवळून पाहिलेला विद्यार्थी संशोधनात आला, तर त्याचा लाभ अखेर गावालाच होईल. एका उताऱ्याअभावी ही वाट अडू नये.