जबड्याचे दुखणे : जेवण सुटण्याआधी ओळखा

ताटातील भाकरी तशीच राहते, भाजीतल्या फोडी बाजूला सारल्या जातात आणि वरणभात तेवढा संपतो. घरातील ज्येष्ठांचे असे होऊ लागले की ‘वयोमानाने भूक मंदावली’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पुष्कळदा भूक शाबूत असते, पण चावताना जबडा दुखतो. हे दुखणे बहुधा साध्या उपायांनी आटोक्यात येते. क्वचित मात्र ते एखाद्या गंभीर विकाराची पहिली सूचना असते. हा भेद आपल्याला ओळखता यायला हवा.

सांधा कुठे असतो?

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलते तोच जबड्याचा सांधा. तो बिजागरीप्रमाणे फिरतो आणि पुढेही सरकतो. दोन हाडांमध्ये मऊ चकती असते. ती जागची सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. हा सांधा कानाला लागून असल्यामुळे त्याचे दुखणे अनेकांना कानाचेच वाटते.

उतारवयात का दुखतो?

एका बाजूच्या दाढा पडल्या की सारे चावणे दुसऱ्या बाजूने होते. जुनी कवळी झिजते किंवा सैल होते आणि स्नायूंना अधिक श्रम पडतात. झोपेत दात खाणे, मनावरचा ताण, गुडघ्यांप्रमाणे या सांध्यालाही होणारा संधिवात, हीसुद्धा कारणे आहेत. तोंड पूर्ण उघडले असता सर्वसाधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तिखटाने आग होऊ लागली, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आतील अस्तराचा असू शकतो. त्याची तपासणी लांबवू नये, कारण पुढे त्यातून कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो.

घरी काय करावे?

- ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. दिवसातून अनेकदा तिची आठवण ठेवावी.
- कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या रुमालाने 15 ते 20 मिनिटे शेक द्यावा. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना मंदावली असल्यास रुमालाची उष्णता दुसऱ्याने आधी पाहावी.
- जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. तोंड उघडेच अडकून बसले, तर घरी ओढाताण न करता त्वरित रुग्णालय गाठावे.
- जीभ टाळूला टेकवून, वेदना न होता उघडेल तेवढेच तोंड पाच-सहा वेळा सावकाश उघडावे व मिटावे.
- वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर त्या अपायकारक ठरू शकतात.

आहार मऊ, पण सकस

काही दिवस मुगाची मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीची पेज, घोटलेले वरण, दही, उकडलेले अंडे द्यावे. चिक्की, खारीक, फुटाणे टाळावेत. मात्र केवळ चहा-बिस्किटांवर दिवस काढू देऊ नयेत, कारण त्याने शरीराची शक्ती झपाट्याने घटते.

केव्हा थांबू नये?

चालताना वा श्रमाने जबडा दुखतो, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण येते, तेव्हा हे हृदयाचे दुखणे असू शकते. स्त्रियांत व मधुमेहींत छातीत न दुखताही असे घडते. तत्काळ रुग्णालयात जावे.

पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, थांबले की बरे वाटते, त्यासोबत कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळूला वेदना किंवा दृष्टी अंधूक होणे, ही कानशिलाच्या रक्तवाहिनीला आलेल्या सुजेची लक्षणे होत. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एरवी दुखणे दोन-तीन आठवड्यांत कमी झाले नाही, तर दंतवैद्यांना भेटावे. जाताना कवळी आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असल्यास, दात काढण्यापूर्वी ते अवश्य सांगावे. त्या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याच्या हाडाची जखम क्वचित भरून येत नाही.

ज्येष्ठ मंडळी अशा वेदनेची तक्रार सहसा करीत नाहीत. ताट बदलून घेतात आणि गप्प राहतात. म्हणून ‘जेवलात का?’ या प्रश्नाला ‘चावताना दुखत तर नाही ना?’ या प्रश्नाची जोड द्यावी.