हृदय जपण्यासाठी : हे आकडे जवळ ठेवा

• रक्तदाब : १२०/८० च्या खाली उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा जास्त भरला, तर उच्च रक्तदाब. बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नाही, म्हणूनच मोजावा लागतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत.

• मीठ : जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाणातलं मीठही यातच धरायचं.

• कंबर : भारतीय पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमीच्या आत.

• व्यायाम : आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं.

• तंबाखू : विडी, सिगारेट, गुटखा, मिश्रीही. सुरक्षित प्रमाण नाही.

• फरक : हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे ठोकेच अचानक थांबतात.

• गोळ्या : ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून परस्पर बंद करू नका. बहुतेकदा ते गोळीमुळेच नॉर्मल असतं.

• छातीत दडपण, हात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम : ॲसिडिटी समजून थांबू नका, लगेच १०८ लावा.