पुढचा खेळ कोणता ?

साठी उलटलेल्या, जन्मभर रूपावलि घोकवून घेतलेल्या शाळामास्तरानें संगणकावरील खेळांविषयीं लिहावें, हें पाहून कित्येक वाचकांच्या भुंवया वर जातील हें आम्हांस ठाऊक आहे. हे खेळ म्हणजे पोरांचा कालापव्यय, असें आम्हीहि पेन्शनींत निघेपर्यंत वर्गांत मोठ्या आवाजांत सांगत आलों. तें मत आतां अंशतः मागें घ्यावें लागत आहे. आणि मागें घ्यावयाचेंच तर चारचौघांसमक्ष घ्यावें, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या सौ.ना तीन वर्षांपूर्वीं काचबिंदूनें गांठलें. डॉक्टरांनीं उरलेली दृष्टि राखून दिली, परंतु ती चोहों बाजूंनीं आंखडत जाऊन आतां नळींतून पाहावें तेवढेंच त्यांस दिसतें. चालतां येतें, वाती वळतां येतात, मटार सोलतां येतात. पुस्तकाची एक ओळ संपवून दुसरीवर उतरतांना मात्र वाट चुकते. मासिक हातीं पडतांच जाहिरातींसकट वाचून काढणाऱ्या बाईंचें वाचन अशा रीतीनें सुटलें. मग सायंकाळीं आम्ही वाचून दाखवूं लागलों. चातुर्मासांतील पोथीस कांहीं अडचण नव्हती. कादंबऱ्यांचें मात्र जमेना. तिसऱ्या प्रकरणास त्यांचा डोळा लागे. आमच्या वाचनांत दोष होता म्हणावें, तर पस्तीस वर्षांत आमच्या वर्गांत कोणी झोपल्याचें स्मरत नाहीं, निदान उघडपणें.

दोन वर्षांमागें दिवाळीस नातू आला आणि जातांना आपला जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेला. त्यावर ‘बाल्डर्स गेट’ नांवाचा खेळ होता. पडद्यावर इंग्रजी संवाद उमटे. तो आम्ही वाचावयाचा आणि लगेच मराठींत सांगावयाचा, असा क्रम सहज म्हणून सुरू झाला. पहिल्याच दिवशीं एका पात्रानें प्रश्न केला आणि खालीं चार उत्तरें दिसूं लागलीं. सौ.नीं हातांतली वात खालीं ठेवली व विचारलें, ‘मग आपण काय म्हणायचें ?’ त्या दिवशीं त्यांचा डोळा लागला नाहीं. कादंबरी त्यांना कांहीं विचारीत नसे. हा खेळ पदोपदीं विचारीत होता.

या जातीच्या खेळांस ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण एक पात्र व्हावयाचें, सोबती जमवावयाचे, आणि कोणाशीं काय बोलावें, कोणास सोडावें व कोणाशीं लढावें हें स्वतः ठरवीत कथा पुढें न्यावयाची. याचें मूळ संगणकांत नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून काढला. टेबलाभोंवतीं चार मंडळी बसत; त्यांतील एक सूत्रधार होई. समोर दार आहे, फटींतून धूर येत आहे, आतां काय करतां, असें तो तोंडानें सांगे व विचारी. निकाल फांशांनीं लागे. पुढें सूत्रधाराची खुर्ची संगणकानें घेतली आणि खेळणारा एकटा पडला. आमच्या घरीं तो पुन्हां दोघांचा झाला, एवढेंच.

‘बाल्डर्स गेट’ कॅनडांतील ‘बायोवेअर’ या संस्थेनें १९९८ च्या डिसेंबरांत काढला. ही संस्था स्थापणारे वैद्यकीची पदवी घेतलेले तरुण होते, ही गंमतीची गोष्ट. आमच्याजवळ २०१२ ची सुधारलेली आवृत्ति आहे. तींत अक्षर मोठें करतां येतें. कथेचा आरंभ कँडलकीप नांवाच्या तटबंदीच्या मठांत होतो. तो मठ म्हणजे वस्तुतः ग्रंथालय. आंत प्रवेश हवा असल्यास एक दुर्मिळ ग्रंथ अर्पण करावा लागतो. आमचें मन तेथेंच जडलें होतें; सौ.नींच पुढें चला म्हणून टोचलें. कोणाच्याहि घरांत शिरून पेट्या उघडाव्या, हा या खेळांतील सर्वमान्य प्रघात त्यांना मुळींच पटला नाहीं. ‘मालक समोर उभा असतांना त्याच्या पेटीला हात लावायचा ?’ परिणामीं आमची मंडळी अखेरपर्यंत दरिद्रीच राहिली.

त्या खेळांत खालिद व जाहीरा नांवाचें जोडपें भेटतें. खालिद तोतरा व बुजरा, जाहीरा करारी. दोघांपैकीं एकास निरोप दिला कीं दुसरें आपण होऊन निघून जातें. आम्हांस एकदां चांगल्या धनुर्धरासाठीं जागा हवी होती, म्हणून खालिदास रजा दिली. जाहीराहि चालती झाली. सौ.नीं तत्क्षणीं खेळ मागें नेण्यास लावला. धनुर्धर राहिला, जोडपें परत आलें. तो खेळ संपावयास नऊ महिने लागले.

आतां चातुर्मास संपून पोथी बासनांत गेली आहे, आणि पुढचा खेळ कोणता हा प्रश्न पडला आहे. वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक; परंतु आमचेहि डोळे आतां तरुण राहिलेले नाहींत. दिवसास तासाहून अधिक पडद्याकडे पाहूं नये, अशी आम्हांस वैद्यकीय आज्ञा आहे. त्या मानानें एक खेळ म्हणजे जवळजवळ एक वर्ष. नातवानें पाठविलेल्या यादीचा हिशेब केला तेव्हां सतरा वर्षें भरलीं. आमच्या वयाच्या माणसानें काळाकडून एवढें उधार धरूं नये. म्हणून निवड चुकतां कामा नये.

सरळ मार्ग म्हणजे ‘बाल्डर्स गेट’चा दुसरा भाग. तो २००० च्या सप्टेंबरांत निघाला, आणि पहिल्याहून सर्व बाजूंनीं सरस असा त्याचा लौकिक आहे. नातवाचेंहि पहिलें मत त्यासच. परंतु फोनवर बोलतां बोलतां तो सांगून गेला कीं, दुसऱ्या भागाच्या आरंभींच, पहिल्या तळघरांत, खालिदाचें प्रेत सांपडतें. जाहीरा तें पाहते. हें आम्ही सौ.ना सांगितलेलें नाहीं. तें वाक्य पडद्यावरून वाचून मराठींत सांगण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं, आणि सांगतांना कांहीं गाळलें तर त्यांस आवाजावरून कळतें. ज्यांनीं तो खेळ खेळलेला नाहीं त्यांची आम्ही क्षमा मागतों. हा लेख घरीं वाचून दाखवितांना हा परिच्छेद वगळावा लागणार आहे.

तिसरा भाग बेल्जममधील ‘लेरियन’ संस्थेनें २०२३ च्या ऑगस्टांत काढला. त्यांत प्रत्येक पात्र स्वतःच्या आवाजांत बोलतें, शिवाय वर्णन सांगणारा सूत्रधाराचा आवाजहि आहे. दृष्टि अधू झालेल्या श्रोत्यास याहून सोयीचें काय ? पण त्यास दीडशें गिगाबाईट जागा लागते व बलाढ्य यंत्र लागतें. आमचा लॅपटॉप त्यापुढें टिकणार नाहीं. नातू नवें यंत्र घेऊन देतों म्हणाला, तेव्हां आम्ही घाईघाईनें नको म्हटलें. काटकसर हें कारण आम्ही सांगितलें. खरें कारण वाचकांच्या ध्यानीं आलें असेल.

बाकीच्यांपैकीं कांहींचा निकाल लवकर लागला. १९८१ चा ‘विझर्ड्री’ हा या जातीचा आद्य पुरुष. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड या विद्यार्थ्यांनीं रचलेला. दहा मजल्यांचें भुयार, प्रत्येक मजला वीस चौकोन लांब व वीस रुंद. खेळणाऱ्यानें आलेखाच्या कागदावर नकाशा काढीत जावें. आम्हांस काढावासा वाटेल, पण ऐकणाऱ्यानें काय ऐकावें ? २००० चा ‘आइसविंड डेल’ दिसण्यांत देखणा आहे. परंतु लढाईमागून लढाई. २००२ चा ‘मोरोविंड’ मात्र सोडवेना. त्यांत कोठें जावें याची खूण पडद्यावर दिसत नाहीं. पूल ओलांडा, मग अमुक टेकडीच्या डावीकडून जा, असें लोक सांगतात आणि तें वहींत नोंदलें जातें. खेड्यांत वाट विचारीत जावें तसें. सौ. ओठांतल्या ओठांत खुणा पाठ करीत आणि आम्ही चुकलों कीं अचूक टोकीत. पण हा खेळ पात्राच्या डोळ्यांनीं पाहावयाचा असतो. मान वळली कीं सारें जग वळतें. तिसऱ्या दिवशीं आम्हांस घेरी आली आणि प्रयोग बंद झाला.

खरी पंचाईत केली ती ‘अल्टिमा’च्या चौथ्या भागानें. हा १९८५ चा, रिचर्ड गॅरियट यांचा, आणि आज विनामूल्य मिळतो. आधींच्या खेळांत वाटेल त्यास लुटून व मारून जिंकतां येतें हें या गृहस्थांस खटकलें, म्हणून त्यांनीं असा खेळ रचला कीं, ज्यांत मारावयाचा कोणी महाराक्षसच नाहीं. आठ सद्गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ व्हावयाचें. शब्द आपलाच. सत्य, प्रेम व धैर्य हीं तीन मूलतत्त्वें; एकेकटीं घेतलीं कीं तीन गुण, दोन-दोन जोडलीं कीं आणखी तीन, तिन्ही एकत्र आलीं कीं अध्यात्मवृत्ति, आणि तिन्ही वगळून जें उरतें तें नम्रता. शून्यासहि सद्गुणांत स्थान देणारी ही मांडणी पाहून आम्ही थक्क झालों. प्रत्येक गुणाचें एक देऊळ, त्याचा मंत्र शोधून तेथें ध्यान करावयाचें; अध्यात्माचा मंत्र तर ॐकारच. दोन चंद्रांच्या कला पाहून प्रवासाचीं द्वारें उघडतात. पंचांग पाहणाऱ्यास याहून काय हवें ?

आरंभीं एक जिप्सी बाई धर्मसंकटाचे प्रश्न घालते. उत्तरें सर्वस्वीं सौ.नीं दिलीं आणि निर्णय लागला : मेंढपाळ. हें पात्र नम्रतेचें आणि सर्वांत दुबळें. त्याचा प्रारंभ गर्वानें नष्ट झालेल्या एका नगरीच्या अवशेषांत होतो. औषधी मुळ्या विकणारी बाई आंधळी आहे. किंमत ती सांगते. नाणीं किती ठेवावयाचीं हें आपण ठरवावयाचें. कमी ठेवलीं तरी तिला कळत नाहीं, पण सचोटीच्या खात्यांत तूट येते. आम्ही हें सांगितलें तेव्हां सौ. थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘तिला दिसत नाहीं हें सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक असतं का ?’ आम्हीं पूर्ण किंमत ठेवली, हें सांगणें नलगे.

इतकें असूनहि पंधरा दिवसांनीं हा खेळ बाजूस ठेवावा लागला. विचार थोर, पण शब्द थोडे. गांवांमधून जें बोलणें होतें तें दोन-दोन ओळींचें. मधले कोसचे कोस मुक्यानें चालावयाचे आणि चौकोनाचौकोनानें लढावयाचें. एका सायंकाळीं चाळीस मिनिटें आम्ही लढतच होतों आणि सौ. चार वेळां ‘झालं का ?’ म्हणाल्या. एकट्यानें खेळावयाचा असता तर आम्हीं दुसऱ्या कशाकडे पाहिलें नसतें.

अखेरीस राहिला ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’. ‘ब्लॅक आयल’ संस्थेचा, १९९९ च्या डिसेंबरांतला. प्रमुख रचनाकार ख्रिस अॅव्हलोन. मोठ्या अक्षराची सोय असलेली आवृत्ति २०१७ सालीं निघाली. यांत सुमारें आठ लक्ष शब्द असल्याचें सांगतात. लढाया टाळतां येतील तितक्या टाळाव्या आणि बोलावें. नायक मरत नाहीं. मेला तरी पुन्हां उठतो, मात्र आपण कोण हें विसरलेला असतो, आणि त्याला नांवहि उरलेलें नाहीं. बळापेक्षां शहाणपण वाढविलें तर पूर्वस्मृति अधिक जागृत होतात. डॅकॉन नांवाचा एक सोबती त्याला दगडी चकतीवर कोरलेला धर्मग्रंथ कडीमागून कडी फिरवून शिकवितो, आणि शिष्य अखेर गुरूच्या पुढें जातो. शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तिचा असा प्रयोग परदेशी खेळांत भेटेल असें वाटलें नव्हतें.

आमची शंका एकच होती. खेळाचा आरंभ शवागारांत होतो. नायक प्रेतांमध्यें दगडी ओट्यावर जागा होतो. शेजारच्या काकूंनीं ऐकलें तेव्हां त्या म्हणाल्या कीं, दिवेलागणीस घरांत हें अशुभ नको. आम्हीहि कचरलों. सौ.नीं उत्तर दिलें, ‘मेलेला उठला, त्यांत अशुभ तें काय ?’ यावर काकू निरुत्तर झाल्या आणि निवड झाली.

मागील सोमवारीं प्रारंभ केला. नायक ओट्यावरून उतरतो तोंच हवेंत तरंगणारी एक वाचाळ कवटी त्याच्याशीं बोलूं लागते. मॉर्ट तिचें नांव. नायकाच्या पाठीवर कांहीं मजकूर गोंदलेला आहे; तो त्याच्याचसाठीं लिहिलेला, पण त्याला स्वतःला तो दिसणें शक्य नाहीं. तेव्हां ती कवटी मागें जाऊन तो त्याला वाचून दाखविते. येथें सौ. एकदम हंसल्या.

‘म्हणजे तुम्ही ती कवटी,’ त्या म्हणाल्या. ‘वाचा पुढें.’

काल शुक्रवार झाला. आम्ही अजून शवागाराच्या दुसऱ्या मजल्यावरच आहों. बाहेरचें दार सांपडलेलें नाहीं.